उधारीवरची शाळा

१९५४ सालच्या जून महिन्यात ‘ब्रिटिश लायन’ या चित्रपट कंपनीवर रिसीव्हर बसला. कंपनी लहानसहान नव्हती. अलेक्झांडर कोर्डासारखा बडा निर्माता तिच्या मागे उभा होता, शेपरटनचा स्टुडिओ तिच्या मालकीचा होता, ‘द थर्ड मॅन’ तिनेच थिएटरांत आणला होता. हॉलिवूडच्या रेट्यात इंग्लंडचा सिनेमा तगावा म्हणून सरकारने तिला टप्प्याटप्प्याने तीस लाख पौंड कर्ज दिलं होतं. त्यातलं बहुतेक बुडालं.

पुढे सप्टेंबरात याच कंपनीचा ‘द बेल्स ऑफ सेंट ट्रिनियन्स’ हा चित्रपट लंडनमध्ये लागला. कृष्णधवल, एका जुनाट हवेलीभोवती आणि स्टुडिओच्या चार भिंतींत उरकलेला, नट बहुतेक चरित्र अभिनेते. गोष्ट मुलींच्या एका निवासी शाळेची. तिथल्या मोठ्या बाई देणेकऱ्यांना चुकवत फिरतात, शिक्षिकांचे पगार थकलेले, छत कधी डोक्यावर येईल सांगता येत नाही. ही शाळा वाचवायची तर एकच मार्ग उरलेला असतो: घोड्यावर पैसे लावायचे. दिवाळ्यात निघालेल्या कंपनीने दिवाळ्यात निघालेल्या शाळेचं चित्र काढलं, आणि ते त्या वर्षी इंग्लंडमध्ये सर्वांत जास्त चाललेल्या चित्रपटांपैकी एक ठरलं.

सेंट ट्रिनियन्स म्हटलं की आजही इंग्लंडमध्ये लोकांना आठवतात त्या उच्छादी मुली: हॉकी स्टिकने डोकी फोडणाऱ्या, रसायनशाळेत जिन गाळणाऱ्या, मास्तरणींना जेरीस आणणाऱ्या. पण मुली चित्रपटवाल्यांच्या नव्हेत. त्या रोनाल्ड सर्ल या व्यंगचित्रकाराच्या, आणि त्या चित्रपटाच्या कितीतरी आधी, फार वेगळ्या जागी वाढलेल्या. चित्रपटवाल्यांनी त्यांत स्वतःच्या पदरचं जे घातलं ते म्हणजे कर्ज. माझ्या मते तो चित्रपट टिकला तो त्या कर्जामुळे.

सर्ल १९२० साली केंब्रिजमध्ये जन्मला. वडील रेल्वेत हमाल. ज्या गावात विद्यापीठाचे झगेवाले रस्त्याने हिंडतात तिथे हमालाचा पोर चित्रकला शिकला आणि पंधरासोळाव्या वर्षी स्थानिक वर्तमानपत्रात व्यंगचित्रं देऊ लागला. युद्धाची चाहूल लागताच तो सैन्यात गेला. १९४१ साली त्याची तुकडी स्कॉटलंडमध्ये कर्कुब्री या गावी होती. चित्रकारांची वस्ती म्हणून नावाजलेल्या या गावात एका कुटुंबाशी त्याची ओळख झाली. त्या घरातल्या मुली एडिंबरातल्या सेंट ट्रिनियन्स नावाच्या शाळेत जात. ही शाळा खरीखुरी होती. स्पेलिंगमध्ये एखाददुसऱ्या अक्षराचा फरक, एवढंच.

खरी शाळा बिचारी अगदी सोज्ज्वळ. मिस फ्रेझर ली नावाच्या बाईंनी ती १९२२ साली काढली आणि डाल्टन पद्धतीने चालवली. तासाच्या घंटेवर वर्ग हाकण्याऐवजी मुलीला महिन्याचं काम नेमून द्यायचं, ते कधी नि कसं करायचं हे तिने ठरवायचं. शिस्त बाहेरून लादायची नाही, ती आतून यावी. शिक्षणशास्त्रात या पद्धतीला तेव्हा मोठा मान होता. पण गावाला एवढंच कळलं असणार की त्या शाळेत मुली मनाला येईल ते करतात. अशा शाळेच्या पोरी भेटल्यावर पलटणीतल्या विशीच्या चित्रकाराला काय सुचलं असेल याचा अंदाज बांधायला फार लांब जायला नको. त्या मुलींच्या करमणुकीसाठी त्याने एक चित्र काढलं आणि ‘लिलिपुट’ मासिकाकडे पाठवलं. ऑक्टोबर १९४१च्या अंकात ते छापून आलं: शाळेच्या सूचनाफलकापुढे मुली उभ्या आहेत, आणि फलक सांगतोय की आंतरराष्ट्रीय परिस्थितीमुळे सेंट ट्रिनियन्सशी होणारा सामना पुढे ढकलला आहे.

या चित्रात सेंट ट्रिनियन्सची मुलगी एकही दिसत नाही. त्यांच्याशी सामना टळला म्हणून हायसं वाटलेल्या बाकीच्याच दिसतात. नुसत्या नावाची दहशत. त्याच वर्षी एनिड ब्लायटनची सेंट क्लेअर्स मालिका सुरू झाली. जुळ्या बहिणी, मध्यरात्रीची चोरटी मेजवानी, शेवटी सगळ्याजणी शहाण्या. अँजेला ब्राझिलने विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ केलेल्या मुलींच्या शाळाकथांचा हा भरभराटीचा काळ होता आणि सर्लने बॉम्ब टाकला तो या ठरीव साच्यावर.

टाकला, पण फुटायला वेळ लागला. अंक निघाला त्याच सुमारास त्याची तुकडी बोटीत बसून पूर्वेला निघाली. १५ फेब्रुवारी १९४२ला सिंगापूर पडलं आणि सर्ल जपान्यांच्या हाती लागला. आधी चांगीच्या छावणीत, मग सयाम ते ब्रह्मदेश रेल्वेवर. ४१५ किलोमीटरचा तो लोहमार्ग जंगलं तोडून, डोंगर फोडून माणसांच्या हाताने बांधला गेला. दोस्तांचे बारा हजारांवर युद्धकैदी त्यात मेले. आशियाई मजूर त्याहून कितीतरी जास्त मेले. त्यांत मलायातल्या रबराच्या मळ्यांतून नेलेले तमिळ मजूर हजारोंनी होते. त्यांची चित्रं आणि नावंही फारशी उरली नाहीत.

कैद्यांची चित्रं सर्ल काढत होता. मिळेल त्या कागदावर, चोरून. सापडला असता तर जिवावर बेतलं असतं. म्हणून तो कागद पटकीने मरणाऱ्या सोबत्यांच्या अंथरुणाखाली लपवायचा. लागण होईल या भीतीने पहारेकरी तिकडे फिरकत नसत. मलेरिया, बेरीबेरी, मारहाण हे सगळं सोसून तो १९४५ साली घरी परतला तेव्हा सुमारे तीनशे चित्रं त्याच्याबरोबर आली. ती आता लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये आहेत. त्याच कैदेत त्याने त्या शाळेची आणखी काही चित्रंही काढली होती.

युद्धानंतर ‘लिलिपुट’मध्ये सेंट ट्रिनियन्स नियमित येऊ लागलं. त्या मासिकात काम करणारी केय वेब पुढे त्याची बायको झाली. ही चित्रं एकापाठोपाठ एक बघितली की हसता हसता घसा सुकतो. काठीसारखे पाय, काळे मोजे, केसांची झिपरी, आणि चेहऱ्यावर एखाद्या कारकुनाने फाइल उघडावी तशी निर्विकार शांतता. या पोरी विषारी अळंबी गोळा करतात, एकमेकींना यातनायंत्रावर ताणतात, प्रेत लपवायला जागा शोधतात. मास्तरीण मात्र जणू कोणी बाकावर पेन्सिलीने रेघ ओढली आहे अशा सुरात कुरकुरते. खरा विनोद त्या कुरकुरीत आहे. क्रौर्य ज्याने रोजचं काम म्हणून पाहिलंय, हजेरी आणि पाळ्या लावून चाललेलं पाहिलंय, त्यालाच ते असं शाळेच्या वेळापत्रकात बसवता येतं. या शाळेचं मूळ जंगलातल्या छावणीत आहे असं अनेकांनी म्हटलंय आणि सर्लनेही ते नाकारलं नाही. पण या सिद्धांतात एक अडचण आहे: पहिलं चित्र कैदेच्या आधीचं आहे. कैदेने शाळा जन्माला घातली नाही, तिला दात दिले.

१९४८ पासून पुस्तकं येऊ लागली आणि धडाक्याने खपली. चित्रकाराला मात्र कंटाळा आला. त्याला दुसरं बरंच काही काढायचं होतं आणि लोकांना फक्त त्या पोरी हव्या होत्या. १९५३ साली त्याने शाळेवर अणुबॉम्ब टाकून ती संपवली. खरोखरच. त्याच्या आदल्या वर्षी ब्रिटनने आपला पहिला अणुस्फोट केला होता, तेव्हा साधन ताजंच होतं. नेमक्या याच वेळी फ्रँक लॉन्डर आणि सिडनी गिलियट ही जोडी दारात उभी राहिली.

हे दोघे मूळचे पटकथालेखक. हिचकॉकच्या ‘द लेडी व्हॅनिशेस’ची पटकथा त्यांचीच. देश कोसळत असताना क्रिकेटचा स्कोअर विचारत बसणारे चार्टर्स आणि काल्डिकॉट हे दोन इंग्रज त्यांनी त्यात घातले आणि ती पात्रं पुढे इतर चित्रपटांतही फिरली. सरकारी यंत्रणेचा निर्ढावलेला मूर्खपणा हा या जोडीचा आवडता विषय. याचं एक कारण लॉन्डरच्या तरुणपणात सापडतं. नाटकसिनेमात येण्याआधी तो ब्रायटन इथे ऑफिशियल रिसीव्हरच्या कचेरीत कारकून होता. म्हणजे दिवसभर बुडालेल्या धंद्यांच्या वह्या, धनकोंच्या याद्या, कोण किती आणे परत मिळवणार याचा हिशेब. त्याच्या विनोदी चित्रपटांतल्या संस्था नेहमी डबघाईला आलेल्या का असतात, हे मग फार शोधावं लागत नाही.

या जोडीने १९५० साली ‘द हॅपिएस्ट डेज ऑफ युअर लाइफ’ काढला होता. सरकारी चुकीमुळे मुलींची एक आख्खी शाळा मुलांच्या शाळेत राहायला येते. मुलांच्या शाळेचा मुख्याध्यापक अ‍ॅलिस्टर सिम, मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका मार्गारेट रदरफर्ड, आणि दोघांचं एका छताखाली जुंपलेलं युद्ध. श्रेयनामावलीची चित्रं सर्लनेच काढली होती. तेव्हा सेंट ट्रिनियन्स पडद्यावर आणायचं तर तेच लोक, तसाच खर्च आणि तशीच गोष्ट, हे ठरल्यासारखं होतं.

पण शंभर चित्रं म्हणजे गोष्ट नव्हे. सर्लच्या चित्रांत काळ पुढे सरकत नाही. खून झालेला असतो किंवा व्हायचा असतो. आणि खरोखरच्या मुलींनी कॅमेऱ्यासमोर तेच केलं असतं तर कोणी हसलं नसतं. कागदावरच्या रेघेला रक्त येत नाही. म्हणून लॉन्डर आणि गिलियट यांनी व्हॅल व्हॅलेंटाइन या लेखकाला हाताशी धरून क्रौर्य काढून टाकलं आणि त्या जागी पैशाची चणचण बसवली. खुनाच्या जागी घोड्यांच्या शर्यती आल्या. सर्लच्या चाहत्यांना हे सौम्य वाटलं आणि ते खरंही आहे. पण त्या सौम्यपणाच्या आडून दुसरंच काहीतरी आत शिरलं.

गोष्ट अशी. माकयाद नावाच्या काल्पनिक देशाचा सुलतान आपली मुलगी फातिमा इंग्लंडला शिकायला पाठवतो आणि ती सेंट ट्रिनियन्समध्ये येऊन पडते. नव्या सत्राची गाडी येणार म्हटल्यावर गावातले दुकानदार फळ्या ठोकून दुकानं बंद करतात. सुलतानाकडे शर्यतीचे घोडे आहेत. त्यातला ‘अरब बॉय’ सुवर्णचषकाच्या शर्यतीत धावणार हे कळताच मोठ्या बाई, मिस मिलिसेंट फ्रिटन, फातिमाच्या नावाने आलेले पैसे त्याच्यावर लावतात. बाईंचा सख्खा भाऊ क्लॅरेन्स हा शर्यतींवर पैज घेणारा बुकी. त्याचे पैसे दुसऱ्या घोड्यावर गुंतलेले. मग वरच्या वर्गातल्या मुली क्लॅरेन्सच्या मुलीच्या नेतृत्वाखाली घोडा पळवतात, खालच्या वर्गातल्या तो त्यांच्याकडून पुन्हा पळवतात, आणि वसतिगृहात आणून दडवतात. पालकांचा मेळावा, माजी विद्यार्थिनी, पोलीस आणि शिक्षणखातं यांच्या साक्षीने शाळेत जी धुमश्चक्री उडते ती बघायची गोष्ट आहे, सांगायची नाही.

मिस फ्रिटन आणि क्लॅरेन्स या दोन्ही भूमिका अ‍ॅलिस्टर सिमने केल्या. सिम हा एडिंबराच्या शिंप्याचा मुलगा. नट होण्याआधी एडिंबरातल्या न्यू कॉलेजमध्ये धर्मोपदेशक व्हायला निघालेल्या तरुणांना तो वक्तृत्व शिकवायचा. सेंट ट्रिनियन्स नावाची खरी शाळा त्या काळात त्याच शहरात चालू होती हा योगायोगच. पुरुषाने बाईचं सोंग घ्यायचं ही इंग्रजी पॅन्टोमाइमची जुनी परंपरा. त्यात आवाज जाडाभरडा, चाल बेढब, आणि आत पुरुष आहे हे प्रेक्षकाला सतत दाखवून द्यायचं. सिमने यातलं काही केलं नाही. बालगंधर्वांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्या प्रेक्षकालाही हा प्रकार अनोळखी वाटेल, कारण सिम सुंदर दिसायचाही प्रयत्न करत नाही. तो फक्त एक साठीची, सभ्य, गळ्याशी माळ रुळवणारी, आवाजात मध घोळवणारी बाई होतो. ही बाई आपण पैशाचा घोटाळा करत आहोत हे स्वतःपासूनसुद्धा मोठ्या शालीनतेने लपवते. इतर शाळांतून मुली बाहेर पडतात तेव्हा निर्दय जगाला तोंड द्यायची त्यांची तयारी नसते. आमच्या मुली बाहेर पडतात तेव्हा तयारी जगाला करावी लागते, अशा अर्थाचं ती बोलते, आणि त्यात तिला लबाडी वाटत नाही, शाळेचं ब्रीद वाटतं. चार वर्षांपूर्वीच्या चित्रपटात सिमसमोर रदरफर्ड होती. इथे बाई आणि बुवा दोन्ही तोच.

शाळेच्या झुडपांत आणखी एक जण राहतो. शीळ घातली की पाचोळ्यातून डोकं वर काढतो. कडेला झुकवलेली हॅट, लांब कोट, पातळ मिशी, खांदे उडवत तुरुतुरु चाल. हा फ्लॅश हॅरी. मुलींनी गाळलेली जिन बाजारात खपवायची, त्यांच्या पैजा लावायच्या, गरज पडली तर श्रीमंत नवराही बघून द्यायचा, अशी त्याची बहुविध सेवा. ही भूमिका केली जॉर्ज कोलने. कोल लहान असताना, बॉम्बवर्षावाच्या दिवसांत, सिम आणि त्याच्या बायकोने त्याला आपल्या घरी ठेवून घेतलं होतं. बोलणं कसं सुधारायचं, नट कसं व्हायचं हे तो सिमकडूनच शिकला. लंडनच्या गल्लीतला ठसका मात्र त्याच्याकडे जन्मजात होता.

हॅरी ही वल्ली त्या काळच्या प्रेक्षकाला चांगली ओळखीची होती. युद्धात रेशनिंग आलं आणि त्याच्या मागोमाग काळाबाजार आला. मोजे, लोणी, पेट्रोलची कुपनं, डुकराची मांडी, काय हवं ते कोपऱ्यावर उभा राहून हळूच विकणाऱ्या या भडक कपड्यांच्या पोरांना लंडनवाले ‘स्पिव्ह’ म्हणत. कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगार, घरातल्या बाईच्या दृष्टीने कधीमधी देवदूत. युद्ध जिंकूनही रेशनकार्ड सुटलं नव्हतं. गोळ्याचॉकलेटं १९५३च्या फेब्रुवारीत मोकळी झाली, आणि ४ जुलै १९५४ला मांसावरचं नियंत्रण उठल्यावर चौदा वर्षांचं रेशनिंग संपलं. चित्रपट लागला तो त्यानंतर जेमतेम तीन महिन्यांनी. म्हणजे हॅरी पडद्यावर अमर झाला तेव्हा खऱ्या हॅरीचा धंदा नुकताच बसला होता. लोक त्याला हसले त्यात सुटकेचा भाग होता आणि थोडा जिव्हाळ्याचाही. पुढे १९७९ पासून कोलने ‘माइंडर’ या दूरदर्शन मालिकेत आर्थर डेली हा भानगडखोर व्यापारी वर्षानुवर्षं रंगवला. हा म्हातारा झालेला हॅरीच, असं ब्रिटिश प्रेक्षक मानतात आणि ते मला पटतं.

सरकारची बाजू दोन खाती लढवतात. पोलीसखात्यातर्फे सार्जंट रूबी गेट्स खेळाच्या बाई म्हणून शाळेत घुसते. साहेबाशी लग्न व्हावं या आशेवर वर्षानुवर्षं थांबलेली, लांबनाकी, भाबडी रूबी जॉयस ग्रेनफेलने केली. ग्रेनफेल एकपात्री प्रयोगांसाठी प्रसिद्ध होती. बालवाडीतल्या बाईंचं तिचं सोंग इंग्लंडमध्ये घरोघर माहीत होतं. युद्धात सैनिकांच्या करमणुकीसाठी तिने मध्यपूर्वेपासून भारतापर्यंतची लष्करी रुग्णालयं पालथी घातली होती. आणि शिक्षणखातं? त्याने पाठवलेले तपासनीस परतलेच नाहीत. ते शाळेतच सापडतात, सुखात नांदत असलेले. दिपोटी येणार म्हणून आठवडाभर आधी शाळा सारवून घेणारे मास्तर आपल्या जुन्या आत्मचरित्रांत भेटतात. इथे दिपोटीच सारवला गेला आहे. हा विनोद हवेतून आलेला नव्हता. १९४४च्या शिक्षण कायद्यात खाजगी शाळांच्या नोंदणीचा भाग होता, पण तो प्रत्यक्ष अमलात आला १९५७ साली. तोवर एखादी पडकी हवेली भाड्याने घेऊन, लॅटिनमधलं एक ब्रीद टांगून निवासी शाळा थाटणाऱ्याला फारसं कोणी विचारत नव्हतं. अशा शाळा इंग्लंडभर विखुरलेल्या होत्या, आणि त्यांतून बाहेर पडलेले हजारो प्रेक्षक तिकीट काढून बसले होते.

हवेलीवरून आठवलं. चित्रपटातल्या शाळेचं बाहेरून दिसणारं रूप म्हणजे टेम्सकाठचं ब्रे इथलं ओकली कोर्ट. टोकेरी बुरूज, काळवंडलेल्या भिंती. शेजारच्याच वाड्यात हॅमर कंपनीचा स्टुडिओ होता आणि पुढे तिच्या भयपटांत हीच वास्तू रक्तपिपासूंच्या वस्तीला आली. तशी तिथे वस्ती आधीच झालेली होती.

‘ब्रिटिश लायन’ बुडत असताना हा चित्रपट तरला कसा, हा प्रश्न हिशेबाचा आहे. १९४६ साली ब्रिटनमध्ये सिनेमाची १६३ कोटींच्या वर तिकिटं विकली गेली होती. १९५४ साली आकडा १२७ कोटींवर आला होता, १९६० साली तो ५० कोटींवर घसरायचा होता. दूरदर्शन संच घरात येत होते. जून १९५३च्या राज्याभिषेकासाठी लोकांनी ते रांगा लावून घेतले होते. अशा काळात तगायला दोन टेकू होते. थिएटरांना ठरावीक प्रमाणात ब्रिटिश चित्रपट दाखवावेच लागत, आणि १९५०पासून तिकिटांमागे थोडी रक्कम बाजूला काढून ती ब्रिटिश निर्मात्यांना त्यांच्या गल्ल्याच्या प्रमाणात वाटली जाई. ‘ईडी लेव्ही’ म्हणून ती ओळखली जाते. ज्याचा चित्रपट घरच्या मैदानावर जास्त चालेल त्याला मदतही जास्त. अमेरिकेत चालेल असा भव्य चित्रपट काढायला जाऊन कोर्डा वारंवार हात पोळून घेत होता. लॉन्डर आणि गिलियट यांनी अमेरिकेचा विचारच केला नाही. क्रिकेट, हॉकी, शर्यती, थकलेली बिलं, बावळट खाती, हे ज्याला आधीच ठाऊक आहे त्याच्यासाठीच चित्रपट. खर्च बेताचा, भरणा घरचा. हा हिशेब पुढे ‘कॅरी ऑन’वाल्यांनी पक्का पाठ केला. ‘बेल्स’मधल्या शिक्षिकांत जोन सिम्स आहे आणि मुलींच्या घोळक्यात, श्रेयनामावलीत नाव नसलेली, सोळासतरा वर्षांची बार्बरा विंडसर. दोघी पुढे ‘कॅरी ऑन’च्या खांबच झाल्या.

संगीत माल्कम आर्नल्डचं. छोटा वाद्यवृंद, त्यात पबमधल्यासारखा खडखडणारा पियानो, हॅरीसाठी लंगडत धावणारी धून आणि मुलींसाठी एक युद्धगीत. शाळेच्या प्रार्थनेचा थाट आणि दंगलीचा आशय. या संगीतकाराला पुढे ऑस्कर मिळालं ते १९५७च्या ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’साठी. सयाम ते ब्रह्मदेश रेल्वेवरच्या कैद्यांची गोष्ट, सिलोनमध्ये चित्रित केलेली. ज्या माणसाच्या पोरींना आर्नल्डने चाल लावली तो माणूस त्याच रेल्वेवर दगड फोडून आला होता. दोन्ही चित्रपटांत कैदेतली माणसं शिटी वाजवत वरिष्ठांना चकवतात असं म्हणायचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा. ‘क्वाय’मधला पूल भव्य आहे, कैदी धष्टपुष्ट आहेत. सर्लच्या कागदांवरचे कैदी हाडांचे सापळे आहेत.

पहिला चित्रपट चालला म्हणजे पुढचे येणारच. १९५७चा ‘ब्लू मर्डर’, १९६०चा ‘प्युअर हेल’. ‘ब्लू मर्डर’मध्ये टेरी-थॉमस दिवाळखोर बसकंपनीचा मालक म्हणून येतो आणि थोडी धमाल उडवून जातो. सिम मात्र त्यात तुरुंगाच्या गजांआड मिनिटभर दिसतो आणि पुढच्यातून नाहीसा होतो. त्याच्याबरोबर मालिकेचा कणाच गेला. मोठ्या बाई गेल्यावर शाळा वाचवायची कोणी, हा प्रश्नच उरला नाही. मग कॅमेरा वरच्या वर्गातल्या मुलींच्या पायांकडे वळला. हा दोष पहिल्या चित्रपटातही होता. खालच्या वर्गातल्या शाईने माखलेल्या पोरी सर्लच्या, पण वरच्या वर्गातल्या मोजेधारी ललना निर्मात्यांनी गल्ल्यासाठी आणलेल्या. १९५४ साली ते चावटपणात खपून गेलं. नंतरच्या चित्रपटांत तोच मुख्य माल झाला. शाळेच्या गणवेशाचं ते पार्टीतलं सोंग इंग्लंडमध्ये अजून चालू आहे आणि त्याचा उगम याच पायांत आहे. सर्लच्या मुलींकडे कोणी तसं बघितलं असतं तर डोळा गमावून परतला असता.

१९६६चा ‘ग्रेट सेंट ट्रिनियन्स ट्रेन रॉबरी’ रंगीत होता आणि १९६३च्या गाजलेल्या रेल्वे दरोड्यावर बेतलेला. हॅम्पशरमधल्या लॉंगमूर या लष्करी रेल्वेमार्गावर केलेला त्यातला आगगाड्यांचा पाठलाग हा या मालिकेतला शेवटचा खरा आनंद. मग १९८० साली म्हाताऱ्या लॉन्डरने एकट्याने ‘वाइल्डकॅट्स’ काढला. मुली कामगार संघटना काढून संप करतात अशी कल्पना, विषय ताजा, पण विनोद शिळा. तो पडला.

सर्ल तोवर कधीच निघून गेला होता. १९६१ साली लंडनचं घर, बायको, दोन मुलं सोडून तो पॅरिसला गेला आणि पुढे दक्षिण फ्रान्सच्या डोंगरातल्या एका गावात राहिला. केय वेबने एव्हाना ‘पफिन’ची धुरा घेतली होती, आणि इंग्लंडमधल्या मुलांच्या वाचनाला तिने जे वळण लावलं तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. जर्मनी, अमेरिका, फ्रान्स इथे सर्लला गंभीर चित्रकार म्हणून मान मिळाला. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात १९७३ साली त्याचं प्रदर्शन झालं. इंग्लंडमधून येणारा पत्रकार मात्र पहिला प्रश्न त्या शाळेचाच विचारायचा. युद्धकैदेतली चित्रं त्याने १९८६ साली पुस्तकरूपाने काढली, चाळीस वर्षांनंतर. ३० डिसेंबर २०११ला तो वारला तेव्हा वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत सेंट ट्रिनियन्स होतंच.

त्याच्या हयातीतच, २००७ साली ईलिंग स्टुडिओने शाळा पुन्हा उघडली. मोठ्या बाई म्हणून रुपर्ट एव्हरेट, पुन्हा पुरुषच, आणि बाईंचा भाऊही तोच. या वेळी पैसे बँकेचे थकलेले असतात, आणि ते फेडायला मुली नॅशनल गॅलरीतून व्हर्मेरचं चित्र पळवतात. समीक्षकांनी नाकं मुरडली. चित्रपटाने ब्रिटनमध्येच सव्वा कोटी पौंडांच्या आसपास कमावले, आणि दोन वर्षांत दुसरा भाग आला.